कॅसिमिरने न घेतलेली बंदूक

कॅसिमिर तुस्कानोला काहीतरी विकत घ्यायचंय, ही बातमी ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्ली गावच्या दुकानांत त्याच्या आधी पोचते आणि दुकानदार कॉफीला निघून जातात. माणूस वाईट नाही हो. रविवारची मिस्सा चुकवत नाही, कोणाचा एक डॉलर बुडवत नाही, शेजाऱ्याचं गवतही कापून देतो. पण खरेदीचा विषय निघाला की त्याच्या अंगात काहीतरी संचारतं. वॉशिंग मशीन घ्यायला या गृहस्थाने अकरा महिने लावले. तेवढ्या काळात त्याची बायको मिल्ड्रेड गावातल्या नाणी टाकायच्या लाँड्रीत कपडे धूत होती. लाँड्रीवालीशी तिची इतकी गट्टी जमली, की तिच्या मुलीच्या लग्नात मिल्ड्रेडला पहिल्या रांगेत बसवलं. शेवटी मशीन आलं ते पहिल्या दिवशी बघितलेलंच, फक्त साठ डॉलरनी महाग झालेलं.

गंमत अशी, की कामावर हाच माणूस पटापट निर्णय घेतो. सोन्याच्या खाणीत दगड फोडायचे अजस्र क्रशर आहेत, त्यांचं कुठलं बेअरिंग कधी बदलायचं हे कॅसिमिर ठरवतो आणि तिथे त्याचा शब्द शेवटचा. कारण तिथे उशीर झाला तर क्रशर बंद पडतो. घरात काय बंद पडणार? घर मिल्ड्रेड चालवते. हॉस्पिटलातली नर्सची शिफ्ट करून वर चालवते.

तर या कॅसिमिरने गेल्या नाताळच्या जेवणाला सगळ्यांसमोर एक शब्द दिला, आणि तिथून पुढचं रामायण झालं.

बाहेर बेचाळीस डिग्री होतं. टेबलावर आठ माणसं होती: पर्थच्या युनिमध्ये शिकणारा मुलगा रायन, हॉस्पिटलातला मित्र डॉक्टर चारुदत्त, त्याची बायको शैला आणि खाणीतली आणखी तीन डोकी. अशा उकाड्यात मिल्ड्रेडला उबदार कपड्यांच्या गोष्टी सुचाव्यात म्हणजे कमालच, पण वाइनचा दुसरा ग्लास झाला होता. तिचे पप्पा जहाजावर स्टुअर्ड होते. एकदा त्यांनी कुठल्याशा थंड देशातून तिच्या मम्मीसाठी खऱ्या कोल्ह्याच्या कातड्याची कॉलर आणली. वसईत! वसईत ती घालणार कोण आणि कधी? पण आठ वर्षांची मिल्ड्रेड ती गळ्यात घालून आरशासमोर उभी राहायची आणि घाम पुसत पुसत मडमेसारखी चालायची. पुढे पेटीत ठेवली तिला कसर लागली आणि एका मे महिन्यात नुसते केस हातात आले.

"पप्पांची तेवढीच एक वस्तू मला हवी होती," मिल्ड्रेड म्हणाली आणि उठून पुडिंग आणायला गेली.

कॅसिमिरने काटा-चमचा खाली ठेवला. का, ते त्या टेबलावर फक्त त्यालाच माहीत होतं, आणि तिला.

आता ते सांगायलाच हवं. वसईत आमच्या ख्रिस्ती लोकांची लग्नं होतात ती नाताळानंतर, नाहीतर मे महिन्यात. यांचीही मेची तारीख ठरली होती. पण नवरदेवाला सुटाचं कापड ठरवता येईना. नेव्ही ब्लू की चारकोल? शिंप्याकडून दोनदा कापड परत आणलं, तिसऱ्यांदा शिंप्यानेच परत पाठवलं. मे निघून गेला, तारीख पुढे ढकलली. जूनमध्ये मिल्ड्रेडचे पप्पा झोपेतच गेले. लग्न थांबवू नका, असं ते आधीच बजावून गेले होते, म्हणून सतरा ऑगस्टला भर पावसात लग्न लागलं. वेदीपर्यंत मिल्ड्रेडचा हात धरून तिचा मामा गेला. सूट नेव्ही ब्लू होता, पहिल्या दिवशी बघितलेला. मिल्ड्रेडने त्यावरून कधी एक शब्द काढला नाही. काढला असता तर कॅसिमिरला बरं वाटलं असतं.

म्हणून त्या नाताळला तो ग्लास हातात घेऊन उभा राहिला. "ऑगस्टमध्ये आमच्या लग्नाला तीस वर्षं होतात," तो म्हणाला. "त्या दिवशी मिल्ड्रेडच्या गळ्यात कोल्ह्याची कॉलर असेल. कोल्हा मी स्वतः मारीन."

"डॅड," रायन म्हणाला, "यू टूक टू इयर्स टू बाय अ टोस्टर."

"शब्द दिलास हं," चारुदत्तने बोट उगारलं. "सात साक्षीदार आहेत."

मिल्ड्रेड पुडिंग घेऊन दारात उभी होती. ती हसली, पण ते हसणं कॅसिमिरला ओळखीचं होतं. एवढंच हसून ती तीस वर्षं कामाला लागत आली होती.

जानेवारीत कॅसिमिर गावातल्या बंदुकांच्या दुकानात गेला. दुकानदार केव म्हणजे पांढऱ्या दाढीचा, शांत माणूस, अजून कॅसिमिरची कीर्ती त्याच्या कानावर आली नव्हती. कॅसिमिरने गरज सांगितली: कोल्हा मारायचाय, पण कातडं खराब होता कामा नये, आणि बंदूक परवडली पाहिजे. केवने मागे वळून भिंतीवरून एक बंदूक काढली.

"हॉर्नेट, मेट. सेकंडहँड. साडेसहाशे डॉलर. गोळी छोटी, आत जाते आणि आतच राहते. कोल्ह्यासाठी याहून बरं काही नाही."

झालं. पाच मिनिटांत काम झालं होतं. दुसरा कोणीही असता तर पैसे टाकून मोकळा झाला असता. कॅसिमिरने बंदूक हातात घेतली, वजन बघितलं, नळीतून डोकावला आणि विचारलं, "शेवटचा भाव काय?"

"साडेसहाशे."

"नाही, तो पहिला. शेवटचा सांग."

केवला हा प्रकार नवीन होता. त्याने पुन्हा तेच सांगितलं. मग कॅसिमिर आपला पेटंट शब्द बोलला: "बघतो."

घरी येऊन त्याने कॉम्प्युटरवर तक्ता मांडला. अकरा बंदुका, चौदा निकष, प्रत्येकाला गुण. बंदुकीची किंमत, गोळीची किंमत, आवाज, वारा, बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणीचा खर्च, आणि सगळ्यात वर लाल अक्षरांत 'भोक'. गोळ्या स्वस्त आणि कुठेही मिळतील अशी बंदूक घ्यावी, तर तिची गोळी जोरकस, पलीकडून बाहेर पडताना मुठीएवढं भोक पाडणार. भोक टाचणीएवढं हवं तर गोळी इतकी हलकी, की जरा वारा आला की दुसऱ्या जिल्ह्यात जाणार. भोकही लहान आणि नेमही पक्का हवा, तर मग बंदुकीच्या किमतीत वसईला जाऊन यावं.

चारुदत्त मूळचा पुण्याचा. मुंगी मारताना दहा वेळा विचार करेल, पण मत देताना एकदाही नाही. तो वहीत माणसाचं धड काढून दाखवायला लागला. "गोळी आत शिरते तिथली जखम लहान, बाहेर पडते तिथली मोठी. साधं शास्त्र आहे. तू बाहेर पडण्याचाच प्रश्न निकालात काढ."

"म्हणजे हॉर्नेट?"

"मी कुठे बंदुकीचं नाव घेतलं? मी तत्त्व सांगितलं."

अशा मित्राच्या मदतीने फेब्रुवारी आणि मार्च गेले.

बरं, इथे नुसते पैसे मोजून बंदूक मिळत नाही. ट्रेनिंग करा, भिंतीला ठोकलेलं लोखंडी कपाट घ्या, ज्याच्या जमिनीवर शिकार करणार त्याचं पत्र आणा. कपाट निवडण्यात एप्रिल गेला हे वेगळं सांगायला नको. पत्र दिलं डगने. डग नॉर्समन गावाच्या पलीकडचा मेंढ्यावाला म्हातारा, कालगुर्लीपासून तीन तासांवर. कोल्ह्यांनी त्याची कोकरं पळवून उच्छाद मांडला होता, तेव्हा तो म्हणाला, "कधीही ये, कितीही मार." आणि परवान्याचा अर्ज करायचा तो ठरावीक बंदुकीच्या नावाने. कॅसिमिरने अर्ज भरला, मग बंदूक बदलली. पुन्हा भरला, पुन्हा बदलली. तिसऱ्या वेळी काउंटरवरच्या बाईने त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि न विचारताच कोरा फॉर्म पुढे केला.

मे महिन्यात त्याने प्रयोग करायचं ठरवलं. महिन्यातून एकदा नेमबाजीच्या मैदानावर केव आपल्या दुकानातल्या बंदुका गिऱ्हाइकांना चालवून बघू देतो. आता कोल्ह्याच्या जागी ठेवायचं काय? कॅसिमिरने डोकं लढवलं. नारळ! आत पाणी, वर कवटी, आणि कवटीवर केस. कातड्याच्या जागी त्याने नारळाभोवती बाथरूममधली केसाळ पायपुसणी गुंडाळली आणि दोरीने बांधली. असे तीन नारळ. कालगुर्लीत नारळ मिळतो का? मिल्ड्रेडने ते पर्थहून विमानाने येताना आणले होते, रायनच्या वाढदिवसाच्या गोडासाठी.

पहिल्या बंदुकीने नारळ नाहीसाच झाला. खोबरं केवच्या दाढीत मिळालं. दुसरीने वाऱ्यामुळे शेजारच्या माणसाच्या निशाणाला भोक पाडलं. तिसरी हॉर्नेट. पायपुसणीवर एक इवलंसं भोक, मागची बाजू जशीच्या तशी, आणि नारळाचं पाणी टपटप गळतंय.

"सांगितलं होतं ना, मेट," केव दाढीतून खोबरं काढत म्हणाला. "जानेवारीत."

"हो," कॅसिमिर म्हणाला. "पण आता माहिती पक्की झाली. बघतो."

संध्याकाळी मिल्ड्रेडने भोक पडलेली पायपुसणी उचलून उजेडात धरली आणि त्यातून नवऱ्याकडे पाहिलं. "कॅझी, कोल्हा मिळाला नाही तर हीच गळ्यात घालू का?"

तो हसला. ती हसली नाही. "नाही मिळाला तरी चालेल मला," ती सावकाश म्हणाली. "खरंच. पण मग आत्ताच सांग. मी वाट बघत बसणार नाही. वाट बघायची मला आता भीती वाटते."

तिने पायपुसणी पुन्हा बाथरूममध्ये टाकली. कॅसिमिरने ती उलटी करून भोक खाली लपवलं. त्या सुटाच्या उशिराचं नाव तिने आजही घेतलं नव्हतं.

एवढं ऐकल्यावर माणूस दुसऱ्या दिवशी दुकानात धावेल की नाही? नाही. जून गेला तो दुर्बिणीत. जूनमध्येच डगने फोनवर त्याला सहज सांगितलं, की कोल्ह्याची लव दाट असते ती फक्त थंडीत. ऑगस्ट संपला की केस झडायला लागतात, मग ते कातडं कुत्रंसुद्धा अंथरायला घेत नाही. चौदा निकषांत हा निकषच नव्हता! भोकाच्या नादात केसांचा विचार राहूनच गेला होता. कॅसिमिरने कॅलेंडर काढलं, कातडं कमवायला लागणारे तीन-चार आठवडे मागे मोजले आणि त्याला घाम फुटला. बाहेर दोन डिग्री होतं.

जुलैच्या तिसऱ्या शनिवारी तो दुकान उघडायच्या आधीच दारात हजर झाला. खिशात साडेसहाशे डॉलर, हातात हॉर्नेटच्या नावाचा, मंजूर होऊन आलेला अर्ज.

"केव, ठरलं. हॉर्नेट दे."

केवचा चेहरा पडला. भिंतीवर खिळा होता, बंदूक नव्हती. "मंगळवारी गेली, मेट. परवाना घेऊनच एक पोरगा आला, चार मिनिटांत घेऊन गेला. दुसरी मागवली तर सहा आठवडे."

केवला खरोखर वाईट वाटलं होतं. सात महिने हा माणूस दर आठवड्याला येत होता. एखादं लग्न मोडावं तसा तो काउंटरमागे उभा होता. कॅसिमिरने त्यालाच "नो वरीज" म्हटलं आणि बाहेर येऊन युटमध्ये, मागे उघडा हौदा असलेल्या आपल्या गाडीत, बसला. आता मिल्ड्रेडला काय सांगायचं? वाट बघायची भीती वाटते म्हणाली होती. तरीही तिने बघितलीच असणार. घरी जायचा धीर होईना. डगला सांगायला हवं, की पत्राची गरज उरली नाही. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण माणसाला तोंड लपवायचं असलं की तीन तासांचा रस्तासुद्धा कमी पडतो. गाडी त्याने दक्षिणेला वळवली.

डगने चहा पाजला, दोनदा पाठीवर थाप मारली. कॅसिमिर परत निघाला तेव्हा उन्हं कलायला आली होती. फाटकापासून वीस मिनिटांवर डावीकडच्या झुडपातून तांबडं काहीतरी उसळलं. त्याने ब्रेक दाबला, पण धप्प आवाज झालाच.

तो उतरला. बंपरचा कोपरा फुटला होता. रस्त्याच्या कडेला कोल्हा आडवा पडला होता, मार डोक्याला बसला होता, जीव तिथेच गेला होता. रक्ताचा थेंब नाही, अंगावर ओरखडा नाही. थंडीतली दाट, तांबूस, टोकाला चंदेरी लव. आणि भोक? शून्य. त्याच्या तक्त्यातल्या अकराही बंदुकांना जे जमलं नसतं ते बंपरने केलं होतं.

एरवीचा कॅसिमिर इथे तासभर उभा राहिला असता. नर आहे की मादी, कातडं कोणत्या प्रतीचं, स्वतः मारीन म्हटलं होतं त्यात हे बसतं का, चारुदत्तला विचारावं का. हात सवयीने खिशाकडे गेलाही. फोनला रेंज नव्हती. विचारायला कोणी नव्हतं. मग त्याला आठवला नेव्ही ब्लू सूट आणि मामाचा हात धरून येणारी मिल्ड्रेड.

त्याने कामाचं केशरी जॅकेट काढलं, कोल्हा त्यात गुंडाळला आणि गाडी उलटी फिरवली. हे सगळं मिनिटभरात झालं असेल.

डगने कातडं उतरवलं, मीठ चोळलं. त्याच्या बायकोने ते कमावलं आणि आतून तपकिरी सॅटिनचं अस्तर लावून कॉलर शिवली. अस्तराचा रंग कोणता, असं तिने फोनवर विचारलं होतं. कॅसिमिर म्हणाला, "तुम्हाला आवडेल तो." फोन ठेवल्यावर आपण काय बोललो याचंच त्याला नवल वाटलं.

सतरा ऑगस्टला सकाळी त्याने डबा मिल्ड्रेडच्या हातात दिला. तिने झाकण उघडलं, कॉलर गालाला लावली आणि डोळे मिटले. बंदूक कुठली, कोल्हा कधी, काही विचारलं नाही. ती धरून चालली होती, की डगच्या शेतावर जाऊन नवऱ्याने कोल्हा टिपला. कॅसिमिरनेही तिला तसं धरून चालू दिलं. मिस्साभर ती पहिल्या बाकावर ताठ मानेने बसली होती आणि शेजारी हा मनातल्या मनात दर दहा मिनिटांनी पापाची कबुली देत कुमसार करत होता.

मिस्सेनंतर चर्चमागच्या हॉलमध्ये केक कापला. फादर होते, पर्थहून आलेला रायन होता, नाताळचे सगळे साक्षीदार होते, केवलाही बोलावलं होतं. चारुदत्तने कॉलर हातात घेऊन उलटसुलट केली, अस्तर चाचपलं, केस फुंकून पाहिले.

"मंडळी, भोक नाही!" तो ओरडला. "आत जाण्याची जखम नाही, बाहेर पडण्याची नाही. कॅसिमिर, आता सांगच. कुठली बंदूक? किती कॅलिबर?"

सगळे जवळ सरकले. केव दाढी खाजवत त्याच्याकडे बघत होता. मिल्ड्रेडही बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर इतका अभिमान होता, की कॅसिमिरला तो सहन होईना. एक शब्द बोलला की झालं, हॉर्नेट. केवने तोंड उघडलं नसतं, त्याचं मन मोठं होतं.

"टू पॉइंट एट," कॅसिमिर म्हणाला. "डिझेल."

कोणाला काही कळेना.

"गाडीखाली आला," तो म्हणाला. "मी बंदूक घेतलीच नाही. सात महिने निवडत बसलो आणि मी निवडलेली दुसरा घेऊन गेला. मिल्ड्रेड, मी मारीन म्हणालो होतो. मी काही मारलं नाही. नेहमीसारखाच उशीर केला. सॉरी."

पहिल्यांदा रायन हसला, मग केव, मग हॉलभर हशा पिकला. चारुदत्त तर खुर्चीवर बसून डोळे पुसत होता. हसली नाही ती फक्त मिल्ड्रेड. ती कॉलर सावरत नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"गाडीखाली आल्यावर किती वेळ विचार केलास?"

"नाही केला."

"कोणाला फोन?"

"रेंज नव्हती."

"रेंज असती तर?"

कॅसिमिरने खरोखर आठवून पाहिलं. "हात खिशाकडे गेला होता," तो म्हणाला. "पण तुझे पप्पा आठवले. मग गाडी वळवली."

त्या उशिरावरून तीस वर्षांत त्या दोघांमध्ये पप्पांचं नाव पहिल्यांदा निघालं. मिल्ड्रेडचे डोळे भरून आले. तिने त्याच्या नेव्ही ब्लू कोटाची कॉलर नीट केली, तोच कोट, पोटावर बटण न लागणारा.

"पप्पा असते," ती म्हणाली, "तर आज तुला मिठी मारली असती." आणि मग पप्पांच्या वतीने तिनेच मारली, फादरसमोर, खुशाल.

पाचेक मिनिटांनी केक वाटताना कॅसिमिरचा आवाज ठिकाणावर आला. तो केवला बाजूला घेऊन सांगत होता, "बंपर फुटलाय ना, त्याची तीन कोटेशन मागवलीत. एक पर्थचं, एक इथलं, एक सेकंडहँड. बघतो आता..."

मिल्ड्रेडने त्याच्या तोंडात केकचा मोठा तुकडा कोंबला.

"बंपर मी घेणार," ती म्हणाली. सोमवारी शिफ्टला जाता जाता तिने तो घेतलासुद्धा.